घरातील वस्तूंतून होणारी शिशाची विषबाधा

शिशाची विषबाधा म्हटली म्हणजे कारखान्याचे धुराडे किंवा जुन्या बॅटऱ्या गाळणारी भट्टी डोळ्यांसमोर उभी राहते. त्यात वावगे काहीच नाही. हैदराबाद शहराच्या दक्षिणेस काटेदान नावाची औद्योगिक वसाहत आहे. तेथील मातीचे नमुने त्याच शहरातील राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपासले असता, त्यांत शिशाचे प्रमाण सामान्य मातीपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे आढळून आले. हे संशोधन २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु अशा वसाहतीपासून कोसच्या कोस दूर असलेल्या, कारखान्याचे तोंडही न पाहिलेल्या घरातील मुलाच्या रक्तातही शिसे सापडते. ते तेथे कोणत्या वाटेने येते, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

हैदराबादचा उल्लेख येथे वारंवार येणार आहे व त्यास कारण आहे. १९५६ पर्यंत मराठवाड्याचे जिल्हे हैदराबाद राज्यात होते. काचीगुडा, सुलतान बाजार या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत आणि नांदेड, देगलूर, उदगीरकडील मंडळींचे लग्नकार्य, दवाखाना व बाजारहाट या निमित्ताने त्या शहरी जाणे-येणे आजही चालूच आहे. दोहोंकडील स्वयंपाकघरांत चिंचेचा हात सढळ आहे, कल्हईची भांडी आहेत, हळदीचे डबे आहेत. शिवाय आहारातील दोषांचा शास्त्रीय अभ्यास करणारी आपल्या देशातील अग्रगण्य संस्था, म्हणजे राष्ट्रीय पोषण संस्था, याच शहरातील तार्नाका भागात आहे. १९१८ साली कुन्नूर येथे सर रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी सुरू केलेली ही संस्था १९५८ मध्ये हैदराबादेस आली व १९६९ मध्ये तिला आजचे नाव मिळाले.

या संस्थेतील डॉ. कमला कृष्णस्वामी व डॉ. बी. दिनेश कुमार यांनी १९९० च्या दशकात छापखान्यातील मोनो यंत्रावर खिळे ओतणाऱ्या कामगारांची तपासणी केली. छपाईचे खिळे शिशाच्या मिश्रधातूचे असत. ज्यांना स्वतःला कोणताही आजार जाणवत नव्हता अशा कामगारांच्या शरीरातही शिशाच्या विषबाधेच्या सुप्त खुणा दिसून आल्या. प्रस्तुत पत्रिकेसारखी शासकीय नियतकालिकेही एके काळी अशाच खिळ्यांवर जुळविली जात. ती वाचणाऱ्यांस अक्षरे मिळाली. ती ओतणाऱ्यांच्या वाट्यास काय आले, याचा हिशोब फार उशिरा झाला.

‘सुप्त’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. डिसेंबर २०२० मध्ये आंध्र प्रदेशातील एलुरू या शहरात सहाशेहून अधिक लोक एकाएकी चक्कर व फेफऱ्याने आजारी पडले. रुग्णांच्या रक्तात शिसे व निकेल आढळल्याचे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने कळविले, हैदराबादहून शास्त्रज्ञांची पथके धावून गेली आणि पुढे तपासाचा रोख कीटकनाशकांकडे वळला. त्या दिवसांत वृत्तपत्रांतून ‘शिसे’ हा शब्द घरोघरी पोहोचला खरा. परंतु त्याबरोबर असाही समज पसरला की, शिसे बाधले म्हणजे माणूस रस्त्यात कोसळतो. घरातील शिसे सहसा असे वागत नाही. ते वर्षानुवर्षे कणाकणाने पोटात जाते आणि मूल हसतखेळत असतानाच आपले काम करीत राहते.

शिसे शरीरात काय करते?

आपल्या शरीरास लोह, कॅल्शियम, जस्त इत्यादी धातूंची गरज असते. शिशाची गरज मुळीच नाही. परंतु शरीर शिशास कॅल्शियम समजून फसते आणि त्यास आत घेते. प्रौढ माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी सुमारे एक दशांश भाग रक्तात उतरतो, तर लहान मुलाच्या बाबतीत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास जाते. रक्तातून ते मेंदू, मूत्रपिंड, यकृत येथे पोहोचते आणि शेवटी हाडांत व दातांत जाऊन बसते. रक्तातील शिसे काही आठवड्यांत कमी होऊ लागते. हाडांतील शिसे मात्र दहा-वीस वर्षे टिकून राहते. स्त्री गरोदर राहिली म्हणजे गर्भाच्या वाढीसाठी तिच्या हाडांतून कॅल्शियम निघते, त्याबरोबर साठलेले शिसेही निघते आणि नाळेवाटे गर्भास मिळते. आईने माहेरी असताना, लहानपणी खाल्लेले शिसे अशा रीतीने तिच्या मुलास पोहोचू शकते.

मुलाच्या मेंदूची घडण चालू असण्याच्या वयात शिशाचा संपर्क आल्यास बुद्धीची वाढ खुंटते, चित्त एकाग्र होत नाही, स्वभाव चिडखोर होतो. गेलेली बुद्धी औषधाने परत मिळत नाही. पोटात कळ येणे, बद्धकोष्ठ, भूक मंदावणे, चेहरा फिकट पडणे ही लक्षणे पुढील पायरीची. हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ उमटणे किंवा मनगट लुळे पडणे ही त्याहूनही पुढची. प्रौढांचा रक्तदाब वाढतो व मूत्रपिंडे दुर्बळ होतात. रक्तातील शिसे मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागात मोजतात. १०० मिलिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळल्यास त्याचे उगमस्थान शोधून दूर करावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितले. त्याखालचे प्रमाण निर्धोक आहे असा मात्र याचा अर्थ नाही. शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानलेले नाही.

आपल्याकडील मुलांची स्थिती काय आहे? बंगळूरच्या जॉर्ज फाउंडेशनने १९९० च्या दशकाच्या अखेरीस हैदराबाद, मुंबई, दिल्ली, कलकत्ता आदी शहरांत रक्ततपासणी केली, तेव्हा १२ वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात १० मायक्रोग्रॅमच्या वर शिसे आढळले. त्या वेळी पेट्रोलमध्ये शिसे मिसळले जाई. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि हवेतील शिसे पुष्कळच घटले. तरीही युनिसेफ व प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० मध्ये केलेल्या अंदाजानुसार भारतातील सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तातील शिसे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक आहे. हवा सुधारली तरी मुले सुधारली नाहीत, याचा अर्थ घरात शोध घ्यावयास हवा.

येथे आणखी एक गोष्ट आरोग्य कर्मचाऱ्यांनी विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात काय आणि तेलंगणात काय, पाच वर्षांखालील दर दहा मुलांपैकी सुमारे सात मुले रक्तक्षयाने पीडित आहेत. ज्या मुलाच्या शरीरात लोह कमी, त्याचे आतडे शिसे अधिक शोषून घेते. आणि शरीरात गेलेले शिसे रक्तातील तांबडे द्रव्य तयार होण्याच्या क्रियेतच अडथळा आणते. लोहाच्या गोळ्या नियमाने देऊनही एखाद्या मुलाचा रक्तक्षय हटत नसेल, तर जंत व हिवताप यांबरोबरच शिशाचाही विचार व्हावयास पाहिजे. तो सहसा होत नाही.

कल्हई की डाख?

आता घरात शिरू. तांब्यापितळेच्या भांड्यांस कल्हई लावण्याची आपली जुनी चाल अत्यंत शहाणपणाची आहे. पितळेच्या उघड्या पातेल्यात ताक किंवा चिंचेचे सार ठेवले तर ते कळकते, हे आपल्या आज्यापणज्यांना ठाऊक होते. भट्टीवर भांडे तापवून, नवसागर टाकून, कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने पुसून घेतले की आतून रुपेरी थर बसतो. कथील हा निरुपद्रवी धातू आहे. लग्नाच्या पंगतीच्या हंड्यापासून हैदराबादी बिर्याणीच्या देगेपर्यंत सर्वांचा भरवसा याच थरावर असतो. योग्य कल्हई नसलेली तांब्यापितळेची भांडी अन्न शिजविण्यास वा ठेवण्यास अयोग्य समजावीत, अशी तरतूद अन्न भेसळ प्रतिबंधक नियमांत १९५५ पासूनच होती.

अडचण कथलाच्या भावात आहे. कथील महाग, शिसे स्वस्त. शुद्ध कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते. परंतु कथील व शिसे यांचे मिश्रण, म्हणजे नळ व तारा जोडण्यासाठी वापरली जाणारी डाख, त्याहून कमी उष्णतेवर वितळते, भराभर पसरते आणि कोळसाही कमी लागतो. कल्हईवाल्यास कथील म्हणून डाखेची कांडी विकली गेली, किंवा त्याने स्वतःच काटकसर केली, तरी भांडे चकचकीतच दिसते. अशा भांड्यात चिंच, आमसूल, टोमॅटो, ताक असा आंबट पदार्थ शिजविला की शिसे त्यात विरघळू लागते. आंबटपणा जितका अधिक, उष्णता जितकी अधिक आणि पदार्थ भांड्यात जितका वेळ राहील, तितके शिसे जास्त. हैदराबादेकडील खट्टी दाळ व मिरचीचे सालन आणि आपल्याकडील चिंचगुळाची आमटी हे या दृष्टीने एकाच वर्गातले पदार्थ होत. त्यात रंग, वास, चव यांपैकी कशातही फरक पडत नाही. म्हणूनच पितळ कळकल्यावर जी सूचना मिळते ती येथे मिळत नाही.

शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकविली तर करकर असा आवाज येतो; शिशाची कांडी मुकाट्याने वाकते व कागदावर ओढली असता करडी रेघ उमटविते. कल्हईचा थर बोटाने घासल्यावर बोट काळे होत असेल तर संशय घ्यावा. या घरगुती परीक्षा आहेत. त्यांवरून संशय घेता येतो, निर्वाळा देता येत नाही. निर्वाळा प्रयोगशाळाच देऊ शकते. दोन पैसे अधिक देऊन, कथील आपल्यासमोर वापरून घ्यावे हे उत्तम. कल्हईवाल्यांविषयी रोष धरण्याचे कारण नाही. शिशाचा धूर सर्वांत आधी त्यांच्याच छातीत जातो, आणि हा व्यवसाय आता इतका दुर्मिळ झाला आहे की चांगला कारागीर टिकवून धरणे हेच ग्राहकाच्या हिताचे आहे.

पितळेस पर्याय म्हणून ॲल्युमिनियम व हिंदालियमची भांडी घरोघर आली. शुद्ध ॲल्युमिनियममध्ये शिसे नसते. परंतु इंजिनाचे जुने भाग, विजेच्या उपकरणांचे तुकडे असे मिळेल ते भंगार वितळवून ओतलेल्या स्वस्त भांड्यांत ते येते. अमेरिकेतील सिअॅटल शहराच्या परिसरात निर्वासित कुटुंबांतील मुलांच्या रक्तात शिसे का आढळते याचा शोध घेताना तेथील आरोग्य खात्यास अशीच भांडी सापडली आणि वॉशिंग्टन राज्याने २०२४ मध्ये भांड्यांतील शिशावर निर्बंध घालणारा कायदा केला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिलेल्या इशाऱ्यात तर हिंदालियमचे नाव स्पष्टपणे आले. आपल्या देशात २०२४ मध्ये केंद्र शासनाने स्टेनलेस स्टील व ॲल्युमिनियमच्या भांड्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आहे. आठवडी बाजारात वजनावर मिळणाऱ्या बिनछापाच्या भांड्यापेक्षा आय.एस.आय. चिन्ह असलेले भांडे घ्यावे, आणि जुन्या, खड्डे पडलेल्या ॲल्युमिनियमच्या भांड्यात आंबट पदार्थ रात्रभर तरी ठेवू नये.

सुरमा आणि शेंदूर

चारमिनारच्या परिसरातील अत्तराच्या दुकानांतून सुरम्याच्या नक्षीदार बाटल्या मांडलेल्या असतात. सुरम्याने दृष्टी तेज होते, या समजुतीने तो तान्ह्या मुलांच्या डोळ्यांतही घालतात. मूळचे अंजन हे अँटिमनी या धातूच्या खनिजाचे मानले जाते. परंतु तसेच काळे, चमकदार दिसणारे व सहज मिळणारे दुसरे खनिज म्हणजे गॅलिना, अर्थात शिसे व गंधक यांचे संयुग. निरनिराळ्या देशांत तपासलेल्या सुरम्याच्या कित्येक नमुन्यांत अर्ध्याहून अधिक भाग शिसेच निघाले आहे. सुरमा शुद्ध आहे, खडा आमच्यासमोर फोडून दिला, असे काहीजण विश्वासाने सांगतात. खडा गॅलिनाचा असेल तर तो जितका शुद्ध तितके त्यात शिसे अधिक! डोळ्यांतून अश्रूंबरोबर ते नाकाघशात उतरते, आणि मूल डोळे चोळून तेच बोट तोंडात घालते. एरंडेल किंवा तुपाच्या दिव्यावर धरलेल्या घरच्या काजळात शिसे नसते, हे खरे. तथापि तान्ह्या मुलाच्या डोळ्यांत काहीच घालू नये असे डॉक्टर सांगतात, आणि ते मानणे बरे. तीट कपाळावर लावली तरी दृष्ट लागावयाची राहते!

शेंदराची गोष्ट थोडी नाजूक आहे. ती टाळून हा लेख पुरा होणार नाही. वेशीवरच्या मारुतीस, गणपतीस, शेताच्या बांधावरील देवास आपण जो शेंदूर चढवितो, तो परंपरेने शिशाचेच तांबडे भस्म होय. रसायनशास्त्रात त्यास शिशाचे ऑक्साइड म्हणतात. हळद व चुना यांपासून केलेले कुंकू ही अगदी निराळी वस्तू असून तिच्यात शिसे असण्याचे कारण नाही. परंतु बाजारात दोहोंची सरमिसळ होते व रंग खुलावा म्हणून कुंकवातही नको ते मिसळले जाते. न्यू जर्सी, मुंबई व दिल्ली येथील दुकानांतून घेतलेले सिंदुराचे ११८ नमुने अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालानुसार सुमारे ८० टक्के नमुन्यांत थोडेफार तरी शिसे होते आणि काही नमुन्यांत ते सौंदर्यप्रसाधनांसाठी ठरविलेल्या मर्यादेहून अधिक होते.

देवास शेंदूर वाहू नये, असे सांगण्याचा अधिकार प्रसिद्धी अधिकाऱ्यास नाही व तसा हेतूही नाही. परंतु मूर्तीचा शेंदूर बोटावर घेऊन मुलाच्या कपाळी लावणे आणि त्याच हाताने खोबऱ्याचा प्रसाद त्याच्या तोंडात घालणे, हे तरी टाळता येते. पुजारी व विश्वस्त मंडळींनी प्रसादाचे ताट शेंदरापासून दूर ठेवावे, देवळात हात धुण्यास पाणी ठेवावे. शेंदराची पुडी कुंकवाच्या करंड्यात किंवा स्वयंपाकघराच्या फळीवर नसावी. पोटदुखीवर शेंदूर किंवा मुरदाडशिंग देण्याचे काही गावठी उपचार आहेत, तेही साफ बंद झाले पाहिजेत. रसशास्त्रात शिशास ‘नाग’ म्हणतात. नागभस्मासारखी औषधे कोणा फिरत्या विक्रेत्याकडून घेणे म्हणजे नागाच्या बिळात हात घालण्यासारखेच आहे. परवानाधारक वैद्याच्या लेखी सल्ल्याविना ती घेऊ नयेत.

हळदीचा रंग

निजामाबाद, सांगली व वसमत येथील हळदीच्या बाजारपेठा प्रसिद्ध आहेत. हळकुंड पिवळेधमक दिसले की भाव चढतो, आणि याच ठिकाणी लोभ शिरतो. लेड क्रोमेट हा शिशाचा पिवळा रंग मुळात तैलरंगासाठी आहे. किडके वा काळवंडलेले हळकुंड झळकविण्यासाठी पॉलिश करताना तो चोळल्याची प्रकरणे आपल्या उपखंडात उघडकीस आली आहेत. शेतकऱ्याचा यात सहसा संबंध नसतो. पुढच्या हातांत हे घडते. बांगलादेशात २०१९ मध्ये संशोधकांनी गरोदर स्त्रियांच्या रक्तातील शिशाचा माग काढीत काढीत हळदीपर्यंत मजल मारली. तेथील शासनाने बाजारांवर छापे घातले, व्यापाऱ्यांना दंड केले, भित्तिपत्रके लाविली. २०१९ मध्ये बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत हा रंग होता. २०२१ मध्ये तो एकाही नमुन्यात आढळला नाही. दोन वर्षांत एखादी भेसळ अशी निपटून निघाल्याची उदाहरणे फार थोडी सापडतील. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतातील पाटण्यासारख्या काही शहरांच्या हळदीत मात्र हे शिसे मोठ्या प्रमाणावर आढळले. आपल्याकडे हळदीत दर दहा लाख भागांत शिशाचे १० भाग ही कमाल मर्यादा आहे.

भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने सुचविलेली एक चाचणी शाळेतही करून दाखविता येईल. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेऊन त्यात अख्खे हळकुंड टाकावे. चांगले हळकुंड लगेच रंग सोडत नाही. रंग चोळलेले असेल तर पाणी ताबडतोब पिवळे होते. पूड विकत घेण्याऐवजी हळकुंडे घेऊन, ती अशी पाहून, धुऊन वाळवून गिरणीत दळून आणण्याची आपली जुनी पद्धत या कामी अगदी योग्य आहे.

भिंती, खेळणी आणि कामाचे कपडे

घराच्या तैलरंगात शिसे असे. केंद्र शासनाच्या २०१६ च्या नियमांनुसार घरगुती रंगांत दर दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे असू नये, आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तसा रंग विकताही येत नाही. परंतु त्यापूर्वी रंगविलेली दारे, खिडक्या, पाळणे व शाळेची बाके अजून वापरात आहेतच. असा जुना रंग कोरडा खरवडू नये. पाणी मारून, मुलांना दूर ठेवून खरवडावा व कचरा चुलीत घालू नये. खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे आहे. जत्रेतील बिनचिन्हाच्या भडक खेळण्यांपेक्षा साधी, न रंगविलेली लाकडी खेळणी बरी.

बॅटरीचे दुकान, रेडिएटर व विजेच्या वस्तूंची जोडकामे, भंगार वेगळे करणे अशी कामे करणाऱ्यांच्या अंगावरील कपड्यांतून शिशाची धूळ घरी येते. बाप घरी येताच मूल धावत जाऊन बिलगते, ही गोष्ट कोणास रोखवत नाही. म्हणून कामावरच हातपाय धुऊन कपडे बदलावेत आणि ते कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत. इन्व्हर्टरची किंवा ट्रॅक्टरची जुनी बॅटरी अंगणात फोडून शिसे काढणे, जाळ्याला लावावयाच्या शिशाच्या गोळ्या घरच्या चुलीवर ओतणे ही कामे तर घरात कधीच होऊ नयेत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी गोळा करून तिच्या पुनर्वापराची व्यवस्था करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानदारास परत द्यावी.

शिक्षकांच्या मनात एक शंका येईल, तिचे निरसन येथेच करतो. शिसपेन्सिलीत शिसे नसते. तिच्यातील काळी कांडी ग्रॅफाइटची, म्हणजे कार्बनची असते. हा पदार्थ प्रथम सापडला तेव्हा लोकांस तो शिशाचाच प्रकार वाटला आणि ते नाव त्यास कायमचे चिकटले. अर्थात म्हणून ती चघळू द्यावी असे नाही. वरच्या रंगाची हमी कोण देणार?

तपासणी व उपाय

शाळेत मध्यान्ह भोजनापूर्वी साबणाने हात धुण्याचा जो आग्रह धरला जातो, तो जंतूंइतकाच शिशावरही लागू पडतो. कारण शिसे मुलाच्या पोटात जाते ते मुख्यत्वे हातावरच्या धुळीतून. उपाशीपोटी शिसे अधिक शोषले जाते, यासाठी मुलाने सकाळी काहीतरी खाऊनच घराबाहेर पडावे. नाचणी, तीळ, दूध यांतून कॅल्शियम, तर हिरव्या पालेभाज्या, डाळी, अंडी यांतून लोह मिळते. हे दोन्ही पुरेसे असले म्हणजे शिशास आत शिरण्यास वाव कमी मिळतो. शाळेत व अंगणवाडीत मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या व औषध टाळू नये.

शिशासाठी रक्ततपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होत नाही. ज्या मुलाचा रक्तक्षय औषधाने हटत नाही, जे वारंवार पोटदुखीची तक्रार करते व माती अथवा रंगाचे पोपडे खाते, किंवा ज्याच्या घरी वर सांगितलेल्या कामांपैकी एखादे चालते, त्यास वैद्यकीय अधिकाऱ्यांनी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे पाठवावे. शरीरातून शिसे ओढून काढणारी औषधे आहेत, पण ती ४५ मायक्रोग्रॅम वा त्याहून अधिक प्रमाण असलेल्या मुलांसाठी, आणि तीही रुग्णालयात देण्याची. त्याखालील मुलांसाठी उगमस्थान शोधून ते घरातून काढणे हाच उपचार होय. उगमस्थान न शोधता औषध देऊन मुलास त्याच भांड्यातील आमटीवर परत पाठविणे निरर्थक आहे. हळद, कुंकू, सुरमा यांविषयी संशय असल्यास अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे लेखी तक्रार करता येते. तक्रारीसोबत वस्तूचे पाकीट व खरेदीची पावती जोडावी.

रुग्णालयात जाताना मुलाच्या डोळ्यांत घातला जाणारा सुरमा, वापरातील हळदीची पुडी, गावठी औषधे व शक्य असल्यास रोजच्या आमटीचे भांडे बरोबर न्यावे आणि घरातील कोण काय काम करतो हे डॉक्टरांस न विचारताही सांगावे. घरातील इतर भावंडांचे व गरोदर स्त्रीचे रक्तही त्याच वेळी तपासून घ्यावे, कारण एकाच पातेल्यातले अन्न सर्वांच्याच ताटात वाढलेले असते.